बिल पाहुण्याचं असेल तेव्हा काय करायचं

पंचायत समितीच्या लेखा शाखेत मी चौतीस वर्षं काढली. १९८७ ला परभणी जिल्ह्यात कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झाले आणि २०२१ च्या मे अखेरीस सहायक लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. शाळाखोली असो, सिमेंट रस्ता असो की टँकर, कामाचं देयक शेवटी लेखा शाखेच्या टेबलावरून जातं. त्यामुळे कुणाचं काम कुणाच्या नावावर चाललंय हे आम्हाला सगळ्यात उशिरा कळायचं, पण कळायचं ते कागदासकट.

निवृत्तीनंतरही फोन येतात. "मॅडम, माझा मेहुणा आमच्याच उपविभागात टेंडर भरायलाय, चालतंय का?" "मी मार्चमधी रिटायर झालो, आता लायसन काढू का?" "मालकाचा जेसीबी ग्रामपंचायतीच्या कामावर लागलाय, माझं सरपंचपद जाईल का?" पाहुण्याचं, म्हणजे नात्यातल्या माणसाचं, काम आपल्याच कार्यालयात आलं तर काय करायचं, ते प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. नोकरीतल्यांनी वाचावं, निवृत्तांनी वाचावं, सरपंच-सदस्यांनी वाचावं आणि ज्यांच्या गावात काम होतं त्यांनीही वाचावं.

आधी एक प्रकरण सांगते. कार्यालयाचं आणि माणसांची नावं लिहीत नाही.

एका जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांची दुरुस्ती मंजूर होती: पत्रे, गिलावा, फरशी. पहिली खोली झाली आणि तिचं देयक माझ्याकडे आलं. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, तीन दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, सगळं जोडलेलं. रक्कम लहान, ई-निविदेच्या (ऑनलाइन टेंडरच्या) मर्यादेच्या आत बसणारी, म्हणजे नुसत्या दरपत्रकांवर भागणारी. मी दरपत्रकं शेजारी शेजारी ठेवली. तीन दुकानांची तीन लेटरहेड, रंग वेगळे, पण तिन्हींत 'गिलावा'चा 'गिलवा' झालेला. तिन्ही एकाच डीटीपीवाल्याकडे टाइप झाली होती. मग ठेकेदाराच्या पासबुकाची झेरॉक्स पाहिली. खातं एका बाईंच्या नावावर होतं आणि खाली पतीचं नाव होतं आमच्याच उपविभागातून दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या शाखा अभियंत्यांचं. अंदाजपत्रक पुन्हा उघडलं. तयार करणार म्हणून सही त्यांचीच, एप्रिलमधली. मोजमापं घेतली होती त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या पोरानं.

मी टिपणीत तीन ओळी लिहिल्या आणि देयक परत पाठवलं. वरून निरोप आला, "ताई, घरचाच माणूस आहे. काम चांगलं झालंय, जाऊन बघून या." मी गेले. काम खरंच चांगलं होतं. पत्रे ताणून बसवलेले, फरशीला दाराकडे उतार काढलेला, कुठं पोकळ आवाज नाही. ते पाहून मला जास्तच वाईट वाटलं. अंदाजपत्रक ज्यानं लिहिलं त्याच्याच घरात काम गेलं, म्हटल्यावर दर योग्य होता हे छातीठोकपणे सांगायला कुणीच उरलं नव्हतं, खुद्द ते अभियंता साहेबसुद्धा नाही. चौकशी लागली. दुसऱ्या खोलीचं काम थांबलं आणि त्या पावसाळ्यात चौथीची मुलं मारुतीच्या देवळात बसली. साहेबांचं उपदान (ग्रॅच्युइटी) अडकलं ते वेगळंच. दोन खोल्यांच्या कामात त्यांना मिळून मिळून किती मिळालं असतं?

एप्रिलमध्ये त्यांनी अर्ध्या पानाचा एक कागद दिला असता, की या कामात माझी पत्नी दरपत्रक देणार आहे, अंदाजपत्रक दुसऱ्याकडून करून घ्या, तर उपअभियंत्यांनी त्यांना तिथंच थांबवलं असतं. मुलांची खोली झाली असती. म्हणून या सगळ्या लिखाणात मी पुन्हा पुन्हा तारखेवर येणार आहे. हितसंबंधाचा कागद निर्णयाच्या आधीचा असला तर तो कामाचा. नंतर दिलेला कागद म्हणजे खुलासा, आणि खुलाशाला कुणी विचारत नाही.

नातं कुठपर्यंत मोजायचं

आपल्याकडे तालुक्यात कोण कुणाचा पाहुणा नाही? लग्नाच्या एका पंगतीत अर्धी पंचायत समिती आणि अर्धे ठेकेदार बसलेले असतात. प्रत्येक नात्याचा कागद करायचा म्हटलं तर दुसरं काम होणार नाही, हे मला मान्य आहे.

नियमांत 'कुटुंब' बरंच आखूड आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागतात, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम. त्यांचा गाभा असा: ज्या फर्ममध्ये घरचा माणूस नोकरीला आहे किंवा ज्या व्यवहारात आपलं अथवा घरच्या माणसाचं हित आहे, त्या फर्मला काम देण्याचा किंवा मंजुरीचा विषय आपण हाताळायचा नाही, वरिष्ठांकडे पाठवायचा. स्वतः धंदा करायचा नाही. घरचा माणूस धंदा करत असेल तर कार्यालयाला कळवायचं आणि त्याच्यासाठी शब्द टाकायचा नाही. पती, पत्नी, मुलं आणि आपल्यावर अवलंबून असलेले नातेवाईक एवढे या 'घरच्या'त येतात. वेगळा राहणारा, स्वतः कमावणारा भाऊ बहुतेक वेळा त्यात बसत नाही.

पण भावाचं बिल आपण पास केलं तर नियमाचं पुस्तक उघडून दाखवायला गावात कुणी थांबत नाही. म्हणून मी स्वतःपुरते दोन प्रश्न ठरवले होते. पहिला, या माणसाचा पैसा माझ्या पैशात कुठं मिसळतो का? एक चूल, सातबाऱ्यावर दोघांची नावं, त्याच्या कर्जाला मी जामीन, त्याच्या दुकानात माझी रक्कम, यातलं काहीही. दुसरा, त्याचा कागद माझ्या टेबलावर किंवा माझ्या हाताखालच्या टेबलावर येतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर त्यानं तिथं काम घ्यायचंच नाही, हे मी घरात स्पष्ट सांगत असे. एकाचंच उत्तर हो असेल तर लिहून द्यायचं. दोन्ही नाही असतील तर लग्नात जेवून यायचं आणि काळजी करायची नाही.

यादी दर एप्रिलमध्ये करावी. नवं आर्थिक वर्ष लागलेलं असतं, कामांचे आराखडे हातात असतात आणि मागच्या वर्षात कुणाचं लग्न कुठं झालं, कुणी नवीन लायसन काढलं हे ताजं असतं. एक वहीचं पान पुरतं.

कागद कसा लिहायचा

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातलं कुणी विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तोच तो. आमच्या तालुक्यातही टँकर वाढत चालले होते. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांनी दोन टँकर घेतले आणि पुरवठ्याच्या निविदेत उतरायचं ठरवलं. खेपांचे लॉगबुक, जीपीएसचे तक्ते आणि देयकं माझ्याच शाखेत तपासली जायची.

मी पहिला अर्ज लिहिला त्यात 'माझे एक नातेवाईक' एवढंच होतं. गटविकास अधिकाऱ्यांनी तो परत केला: कोणते नातेवाईक, कोणतं काम, तुम्हाला नक्की काय हवंय? त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्यांदा लिहिला तो असा:

"टंचाई कालावधीतील टँकर पुरवठ्याच्या निविदेत माझ्या सख्ख्या बहिणीचे पती सहभागी होणार आहेत. त्यांच्या व्यवसायात माझी भागीदारी, गुंतवणूक किंवा कर्जाची हमी नाही. तरी सदर निविदेतील त्यांचे दर, करारनामा, लॉगबुक तपासणी व देयके यांपैकी कोणतेही काम माझ्याकडे देऊ नये. तसेच ते माझ्या अधिनस्त कर्मचाऱ्याकडे न देता अन्य शाखेतील किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याकडे द्यावे, ही विनंती. याबाबत झालेल्या आदेशाची प्रत मिळावी."

यातलं एकही वाक्य गाळू नका. नातं नेमकं लिहिलं की नंतर 'आम्हाला सांगितलंच नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही. पैशाचा संबंध आहे की नाही ते लिहा, आणि असेल तर तोही लिहा. 'अधिनस्त कर्मचाऱ्याकडे नको' हे वाक्य तर सगळ्यात महत्त्वाचं. माझी सही नको म्हणून फाइल माझ्या लिपिकाकडे सरकवली तर फरक काय पडला? त्याची रजा, त्याचा गोपनीय अहवाल माझ्याच हातात असतो. आणि आदेशाची प्रत मागायची, कारण वरिष्ठांनी तोंडी 'ठीक आहे' म्हटलं तर फाइल पुन्हा फिरून आपल्याकडेच येते.

लिहिलेला कागद आवकमध्ये द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. माझा अर्ज लिफाफे उघडायच्या अकरा दिवस आधीचा आहे. आवकच्या लिपिकानं शिक्का मारता मारता विचारलं होतं, "मॅडम, कामून उगं कागद वाढवायलात? दाजी काय परके हायेत का?" परके नव्हते म्हणूनच तर लिहिला होता.

त्या उन्हाळ्यात एका वस्तीवरच्या बायांनी तक्रार केली, की टँकर कागदावर दोन खेपा दाखवतो आणि येतो एकदा. टँकर दाजींचा होता. जीपीएसचा तक्ता दुसऱ्या शाखेतल्या अधिकाऱ्यांनी तपासला आणि एका खेपेचे पैसे कापले. चालकानं एक दिवस गाडी मध्येच रिकामी केली होती. बहीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण त्या बायांना कुणी असं म्हणू शकलं नाही, की मॅडमचा टँकर आहे, तुमचं कोण ऐकणार.

अर्ज दिल्यानंतर आपण त्या विषयातून खरोखर बाहेर राहायचं. बैठकीत तो विषय आला की उठून बाहेर जायचं आणि इतिवृत्तात 'विषय क्रमांक अमुकच्या वेळी अनुपस्थित' अशी नोंद करून घ्यायची. घरी दर, लिफाफे, प्रतिस्पर्धी यांच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. 'बिल कुठवर आलं' असं सहकाऱ्याला विचारणं हासुद्धा शब्द टाकणंच झालं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

नोकरीत असताना स्वतःच काम घेतलं तर

यावर फार लिहायची गरज नाही. सरकारी नोकरानं कायद्यानं बंदी असताना धंदा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०२ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत साधी कैद होऊ शकते. जी मालमत्ता विकत घ्यायला किंवा जिच्यासाठी बोली लावायला त्याला बंदी आहे, ती स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावानं घेतली तर कलम २०३, दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ च्या आधी हीच तरतूद भारतीय दंड संहितेत १६८ आणि १६९ या कलमांत होती. जुनं फर्निचर, भंगार, झाडं यांच्या लिलावात आपल्याच कार्यालयातली माणसं चुलत्याच्या नावानं बोली लावतात, त्यांनी दुसरं कलम नीट वाचावं.

कंत्राटी आणि बाह्यस्रोताच्या कर्मचाऱ्यांना वाटतं, आपण कायम नाही, मग आपल्याला काय लागू? निविदा पोर्टलवर चढवणारा संगणक चालक बहुतेक वेळा कंत्राटी असतो. तोच संध्याकाळी एखाद्या ठेकेदाराची निविदा भरून देतो आणि ठेकेदाराचं डोंगल, म्हणजे डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी चावी, त्याच्याच खणात पडलेलं असतं. कुणी किती टक्के कमी भरलं हे मुदतीच्या आत कळू नये एवढ्यासाठी तर सगळी ई-निविदा आहे. कार्यालय प्रमुखांनी अशा चालकाकडून करारातच लिहून घ्यावं, की या तालुक्यातल्या कोणत्याही ठेकेदाराचं काम मी करणार नाही. नसेल घेतलं तर आज घ्यावं.

निवृत्त झाल्यावर

साठीला टेकलेला शाखा अभियंता घरी बसून काय करणार, असं विचारतात. त्याचं ज्ञान वाया जाऊ नये हे मलाही वाटतं. आपल्या भागात चांगले अभियंते कमी आहेत. पण कधी आणि कुठं, याला मर्यादा आहे.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदेत एक अट असते: अभियांत्रिकी खात्यातला राजपत्रित अधिकारी निवृत्तीनंतर एक वर्ष सरकारच्या लेखी परवानगीशिवाय ठेकेदार म्हणून काम करू शकत नाही, ठेकेदारानं त्याला नोकरीवरही ठेवायचं नाही, आणि असं आढळलं तर कंत्राट रद्द होऊ शकतं. ज्या मंडळात (सर्कलमध्ये) ठेकेदाराचा जवळचा नातेवाईक कनिष्ठ ते अधीक्षक अभियंत्यापर्यंत कोणत्याही पदावर किंवा विभागीय लेखापाल आहे, तिथं निविदा भरायची नाही, हेही तिथंच लिहिलेलं असतं. केंद्राच्या गट अ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी व्यावसायिक नोकरी धरायची तर आधी परवानगी लागते. आपल्याकडच्या निविदांतही अशा अटी असतात. मुदत प्रत्येक खात्याच्या निविदेत स्वतः वाचायची, मित्रानं सांगितलेल्यावर जायचं नाही. निविदेच्या अटींची पानं कुणी वाचत नाही, आणि घोळ नेमका त्याच पानांवर होतो. वाचून प्रत्येक पानावर सही करा, नुसती सही नको.

माझं सांगणं नियमापेक्षा थोडं कडक आहे. ज्या कामाच्या अंदाजपत्रकावर, मान्यतेवर, मोजमापावर किंवा देयकावर तुमची सही आहे, त्या कामाकडे आणि त्याच्या पुढच्या टप्प्याकडे मुदत संपल्यावरही फिरकू नका. ज्या उपविभागात शेवटची तीन वर्षं काढली तो उपविभाग सोडा. बाकी जिल्हा मोकळा आहे.

दुसऱ्याच्या नावानं लायसन काढणं हा काही तोडगा नाही. पत्नीचं, सुनेचं, सोसायटीचं नाव पुढं करून अभियंता साइटवर उभा राहतो आणि मजूरसुद्धा त्यालाच साहेब म्हणतात. लपत तर काही नाही, उलट बायकोच्या नावावर चौकशी येते. नोकरीत असताना केलेल्या गैरवर्तनासाठी निवृत्तीनंतरही पेन्शन रोखता किंवा कमी करता येतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधला २७ वा नियम पाहा. निवृत्तीनंतर चौकशी सुरू करायची तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी नसावी, एवढीच सवलत आहे. म्हणजे निवृत्तीच्या आदल्या महिन्यात केलेलं अंदाजपत्रक पुढं चार वर्षं मागं लागू शकतं.

मी निवृत्त झाल्यावर पंधराच दिवसांत एका ठेकेदारांचा माणूस पेढे घेऊन आला. "महिन्याला पंधरा हजार देऊ, फक्त आमचे हिशोब बघा." माणूस वाईट नव्हता, त्यांची कितीतरी देयकं मी नियमानं पास केलेली होती. म्हणूनच नाही म्हटलं. उद्या कुणी म्हणालं असतं, मॅडमनी आधी बिलं काढली आणि आता पगार घेतात, तर माझ्या चौतीस वर्षांच्या सगळ्या सह्यांवर ते सावट आलं असतं. पेढे शेजारच्या पोरांना वाटले.

कार्यालयं निवृत्त माणसाला करारावर परत घेतात, तेव्हाही एक काळजी घ्यावी. त्याला सल्ला, तपासणी, प्रशिक्षण द्यावं. देयकावर सही, मोजमाप आणि निविदेची छाननी मात्र नियमित कर्मचाऱ्याकडेच ठेवावी.

सरपंच आणि सदस्य

इथं नोकरी नाही, पद जातं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४ (१) (ग): पंचायतीच्या आदेशानं होणाऱ्या कामात किंवा पंचायतीशी केलेल्या करारात ज्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. निर्णय कलम १६ खाली जिल्हाधिकारी करतात. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कलम १० मध्ये नगरसेवकांसाठी असंच आहे.

'अप्रत्यक्ष' या शब्दावर सगळी भांडणं होतात. नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे, पैशाचा संबंध दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकात एका नगरपालिकेच्या प्रकरणात म्हटलंय. मुलगा पालिकेत नोकरीला आहे एवढ्यानं बाप अपात्र होत नाही. पण ट्रॅक्टर सरपंचाचा, खातं मुलाचं, आणि बिलाची रक्कम आल्याच्या दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या पीक कर्जात भरलेली, असं बँकेचं पान निघालं तर वकील कितीही मोठा असला तरी अवघड जातं.

मला सगळ्यात जास्त काळजी बाई सरपंचांची वाटते. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सही बाईंची, कारभार मालकांचा, आणि मुरूम, पाइप, मोटारदुरुस्ती मालकांच्या मित्राच्या नावावर मालकांचीच. तक्रार झाली की पद बाईंचं जातं. बायांनो, एवढं करा: डिजिटल सहीचं डोंगल ऑपरेटरकडे किंवा घरात कुणाकडे ठेवू नका, स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. वित्त आयोगाच्या पैशाचं देयक निघण्याआधी ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, पुरवठादाराचं नाव आणि खातं कुणाचं ते विचारा. घरचं असेल तर सही थांबवा आणि मासिक सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. घरात आवाज चढेल. चढू द्या.

टंचाईत विहीर अधिग्रहणाचं, म्हणजे गावाच्या पाण्यासाठी खासगी विहीर मोबदला देऊन ताब्यात घेण्याचं, एक वेगळंच आहे. गावात पाणी असलेली विहीर एकच, आणि ती नेमकी उपसरपंचाची. मग काय गावाला तहानेलं ठेवायचं? मुळीच नाही. आदेश महसूलचा असतो, पण ठराव आणि प्रस्ताव ग्रामपंचायतीतून जातो. त्या ठरावावर उपसरपंचांनी सूचक-अनुमोदक व्हायचं नाही, मतदान करायचं नाही, आणि ठरावातच लिहायचं, की विहीर त्यांची आहे, गावातल्या अमुक अमुक विहिरी पाहिल्या, त्यांना पाणी नाही. पाहणीला ग्रामसेवक आणि दोन गावकरी न्यायचे, दोरानं पाण्याची खोली मोजायची, आकडा लिहायचा. एका गावात असा ठराव मी पाहिलाय. बारा विहिरींची नावं आणि पुढं पाण्याचे फूट, हातानं लिहिलेले. त्या पैशाबद्दल पुढं कुणी हूं की चूं केलं नाही.

गावकऱ्यांनी काय मागायचं

संशय आला तर चावडीवर बोलण्याआधी कागद मागवा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द एवढी मर्यादा आहे, म्हणून एका कामाचा एक अर्ज करा. मागायचं ते हे: अंदाजपत्रक, तयार करणाऱ्याचं नाव, पद आणि तारखेसह, दरपत्रकं किंवा निविदांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, देयक, आणि या कामाबाबत कुणी अधिकाऱ्यानं नातेसंबंधाची माहिती दिली असल्यास तिची प्रत. साहेबांची मालमत्ता, सेवापुस्तक असलं काही मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो आणि सगळा अर्ज लांबतो.

तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, मग नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे, आपल्या मराठवाड्यात त्याच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे, दुसरं.

कागद आले की एका पानावर फक्त तारखा मांडा. अंदाजपत्रक कधीचं, अधिकारी निवृत्त कधी झाले, फर्मची नोंदणी कधीची, आदेश कधीचा, मोजमाप कधीचं. एकाच प्रकारची तीन कामं ई-निविदेच्या मर्यादेच्या जेमतेम खाली, एकाच आठवड्यात, एकाच फर्मला दिसली तर तीही लिहा. तक्रारीत 'भ्रष्टाचार', 'चोर', 'मिलीभगत' हे शब्द घालू नका. असा शब्द आला की पुढचा वाचणारा तुमचं गावातलं राजकारण शोधायला लागतो. तारखा वाचल्या की तो कॅलेंडर उघडतो. कर्मचाऱ्याबद्दलची तक्रार जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे द्या, सरपंच-सदस्याच्या अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आणि कागदात त्या अधिकाऱ्यानं वेळेत दिलेली माहिती सापडली, फाइल दुसऱ्यानं हाताळलेली दिसली, तर तेही गावात तितक्याच मोठ्यानं सांगा. असं कुणी सांगत नाही, म्हणून पुढच्या माणसाला लिहून द्यायची हिंमत होत नाही.

गेल्या महिन्यात माझा भाचा आला होता. अभियांत्रिकीची पदवी झाली, नोंदणी झाली, आता कामं भरायची आहेत. त्याची बायको सेलूकडच्या एका बांधकाम उपविभागात लिपिक आहे. "आत्या, ती तर फक्त आवक-जावक बघते," तो म्हणाला. मी म्हटलं, आज आवक-जावक, उद्या बदली निविदा लिपिकाच्या टेबलावर होईल. तिला अर्ज द्यायला लावला, मसुदा मीच सांगितला, नातं, फर्मचं नाव, नोंदणीची तारीख सगळं घालून. त्यानं तो उपविभाग सोडला आणि परतूरकडची कामं बघायला लागला. जिल्हा जालना, पण सेलूहून रेल्वेनं जवळच. परवा भाचेसुनेनं शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो पाठवला. आवक क्रमांक स्पष्ट दिसत होता, तारीख पुसट होती. परत जाऊन तारीख नीट उमटवून घे, असं कळवलंय.